नोकरीच्या जाहिराती जपून ठेवा, योग्य पगार किती ते त्याच सांगतील

मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "पगाराची अपेक्षा किती?"

कन्नडच्या आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन पहिल्यांदा वाळूजला मुलाखतीला गेलेली बरीच मुलं यावर एकच उत्तर देतात. "तुम्ही द्याल ते, सर." मग कंपनी किंवा कंत्राटदार सर्वात कमी आकडा सांगतो आणि तोच पक्का होतो. नुकसान त्या महिन्यापुरतं राहत नाही. पुढची वाढ त्याच आकड्यावर मिळते आणि पुढची कंपनीही आधी "सध्या किती मिळतात?" असंच विचारते.

हाच तरुण घरचा मका विकायला निघाला, तर असं करेल का? तो कन्नड बाजार समितीचा भाव बघेल, लासूरला फोन करेल आणि मगच गाडी भरेल. पगाराचाही बाजारभाव असतो. तो समजून घ्यायचं साधन रोज आपल्या मोबाइलमध्ये येतं, ते म्हणजे नोकरीच्या जाहिराती.

जाहिराती जपून का ठेवायच्या?

जागा भरली की जाहिरात पोर्टलवरून निघून जाते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची जाहिरात दोन दिवसांत शेकडो मेसेजखाली दबते. आपल्याला भाव माहीत करून घ्यायची गरज नेमकी मुलाखतीच्या आदल्या दिवशी पडते आणि तेव्हा समोर दोन-तीनच जाहिराती असतात.

म्हणून नोकरी शोधत नसाल तेव्हाही जाहिराती साठवत राहा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. राज्य सरकारचं महास्वयम पोर्टल आहे. शिवाय खासगी ॲप्स आहेत आणि गावोगावचे ग्रुप आहेत. स्क्रीनशॉट काढा आणि एका फोल्डरमध्ये ठेवा. पद, ठिकाण, अनुभव, कामाचे तास, पगार आणि तारीख या सहा गोष्टी वहीत किंवा शीटमध्ये लिहा. तारीख विसरू नका, कारण दोन वर्षांपूर्वीचा भाव आज चालत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीतच पगार लिहिणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही. "पगार मुलाखतीत ठरेल" एवढंच लिहिलेल्या जाहिराती भरपूर सापडतात. त्यामुळे ज्यांत आकडा दिला आहे त्या जाहिरातींची किंमत आणखी वाढते.

कुठल्या जाहिराती बाजूला काढायच्या?

ढीग मोठा असण्यापेक्षा स्वच्छ असणं महत्त्वाचं.

नोंदणी, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाने पैसे मागणारी जाहिरात आधी काढून टाका. एकाच कंपनीची एकच जागा तीन कंत्राटदारांनी टाकली असेल, तर ती एकदाच मोजा. अप्रेंटिसशिपची जाहिरात वेगळी ठेवा, कारण तिथे मिळतो तो स्टायपेंड असतो, पगार नव्हे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच आहे. २०२४ च्या या योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. ते प्रशिक्षणाचं मानधन आहे, बाजारभाव नाही.

ठिकाणही बघा. कन्नडमधलं दुकान, वाळूजची कंपनी आणि चाकणची कंपनी हे तीन वेगळे बाजार आहेत.

१८ हजारांच्या जाहिरातीत हातात किती येतात?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च.

समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत. कंपनी त्यावर १२ टक्के पीएफ भरते, ते झाले १,८००. पीएफचे इतर आकार साधारण १ टक्का, म्हणजे १५०. ईएसआयसीचे ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ७२२. बेरीज १८,१६० रुपये. हीच नोकरी जाहिरातीत "१८ हजार" होते. काही जण बोनसही यातच धरतात.

आता तुमच्या बाजूने बघा. १५,००० मधून पीएफचे १,८००, ईएसआयसीचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात. हातात येतात १२,८८७. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात १३,०८७ येतील.

पीएफ आणि ईएसआयसी तुमच्याच कामाचे आहेत, ते वाया जात नाहीत. पण एका जाहिरातीतला सीटीसी आणि दुसरीतला हातात येणारा पगार शेजारी ठेवून तुलना होऊ शकत नाही. सगळे आकडे आधी एकाच मापात आणा.

१२ तासांचे २२ हजार की ८ तासांचे साडेसोळा?

दुसरं माप तासांचं. एक जाहिरात म्हणते २२,००० रुपये, ड्युटी १२ तास. दुसरी म्हणते १६,५०० रुपये, ड्युटी ८ तास. महिन्याचे २६ दिवस धरले, तर पहिलीत ३१२ तासांचे २२,००० मिळतात, म्हणजे तासाला साधारण ७० रुपये. दुसरीत २०८ तासांचे १६,५००, म्हणजे तासाला ७९ रुपये. छोटा आकडा जास्त भाव देतो.

कारखान्यात ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त कामाला, म्हणजे ओटीला, दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा धरली, तर रोज १२ तासांप्रमाणे सहा दिवसांत २४ तास ओटी होतो. दुप्पट दराने तो ४८ तासांइतका भरतो. म्हणजे १२ तासांचे २२,००० देणारी कंपनी मूळ कामाचे ११,०००च देते. जाहिरातीत "ओटीसह" असं दिसलं की हा हिशेब करा.

मग आलेला आकडा किमान वेतनाशी ताडून बघा. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योग, कौशल्य आणि परिमंडळानुसार ठरतं. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. बाजारभाव त्याहून कमी दिसत असेल, तर तो भाव योग्य नाही, बेकायदा आहे.

मग योग्य आकडा कोणता?

बाजार समितीच्या पत्रकात तीन दर असतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेतकरी कमाल दर ऐकून हुरळत नाही, सर्वसाधारण दर बघतो. इथेही तेच करा.

समजा एकाच कामाच्या ११ जाहिराती एका मापात आणल्यावर असे आकडे मिळाले: १२,५००, १३,०००, १३,०००, १३,५००, १४,०००, १४,५००, १४,५००, १५,०००, १५,५००, १६,००० आणि २४,०००. सरासरी काढली तर ती १५,००० च्या वर जाते, कारण शेवटची एकच जाहिरात तिला ओढते. त्याऐवजी चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. सहावा आकडा १४,५००. हा तुमचा सर्वसाधारण दर. "१४ ते २० हजार" अशी जाहिरात असेल, तर नवख्याने १४ धरावेत.

हा आकडा वापरायचा कसा?

मुलाखतीत स्क्रीनशॉट दाखवायची गरज नाही. एवढंच म्हणा, "सर, या कामाला वाळूजमध्ये आठ तासांचे हातात साडेचौदा-पंधरा मिळतात. माझी अपेक्षा पंधराची आहे." समोरचा बारावर अडला, तर बस, कॅन्टीन आणि सहा महिन्यांनी वाढ याबद्दल विचारा. कन्नडहून संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर आहे, रोज जाणं-येणं सोपं नाही. त्यामुळे खोलीभाडं आणि मेसचा खर्च वजा करून काय उरतं, हेही आधी मांडून ठेवा.

जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाने मागितलेला भाव. प्रत्यक्ष सौदा कितीला झाला, हे कामाला लागलेल्यांनाच माहीत असतं. म्हणून आयटीआयच्या बॅचच्या ग्रुपवर एक शीट बनवा. नावं नकोत. फक्त काम, ठिकाण, तास आणि हातात येणारी रक्कम. पुढच्या वर्षी कन्नडहून मुलाखतीला जाणाऱ्या पोराला "द्याल ते, सर" म्हणावं लागणार नाही.