मरण नाकारणाऱ्या पेशी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासायला दिले जाते आणि अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या चाळीस-पन्नास हजारांवर निघते. प्रकृतीची तर काहीच तक्रार नसते. पुढील तपासण्यांनंतर डॉक्टर ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’, म्हणजे सीएलएल, असे नाव सांगतात आणि लगोलग म्हणतात, “सध्या औषध नको. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहू.” कर्करोग आहे आणि औषध नाही, हे घरच्यांना पटत नाही. तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल, तर या पेशींचा स्वभाव जाणून घेणे उपयोगाचे ठरेल.

कर्करोग म्हटला की भराभर वाढणाऱ्या पेशी डोळ्यांपुढे येतात. सीएलएलमध्ये रक्तात फिरणाऱ्या बहुतेक पेशी मात्र स्वस्थ असतात. वेळ भरली तरी त्या मरत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे स्वतःला आवरून घेतात. १९७२ साली शास्त्रज्ञांनी या मृत्यूला ‘अपॉप्टॉसिस’ हे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ पाने-पाकळ्या गळून पडणे. पिकले पान गळावे तशी पेशी जाते, आजूबाजूला दाह न करता.

हे गळणे थांबवणारे एक प्रथिन आहे, बीसीएल-२. त्याचे जनुक प्रथम फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगात सापडले. तिथे १४ व १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि हे जनुक सतत जागे राहते. १९८८ मध्ये मेलबर्न येथे डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले की या प्रथिनामुळे पेशी वाढत नाहीत, नुसत्या जगून राहतात. कर्करोगाचे जनुक म्हणजे वाढीचे जनुक, असे मानण्याच्या त्या काळात हा मोठाच धक्का होता.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणाला बॅक्स व बॅक ही प्रथिने छिद्रे पाडतात, तेव्हा पेशीचा मृत्यू अटळ होतो. बीसीएल-२ त्यांना आणि त्यांच्याकडे निरोप नेणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. सीएलएलच्या पेशींत या पहारेकऱ्याचे प्रमाण फार असते. त्याचे एक कारण तुमच्या अहवालातही दिसू शकेल. निम्म्याहून अधिक रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा छोटा भाग गळालेला असतो, आणि बीसीएल-२वर लगाम ठेवणारे दोन सूक्ष्म आरएनए नेमके तिथेच असतात. मात्र ‘डिलीशन १३क्यू’ हे शब्द वाचून घाबरू नये. तेवढाच एक बदल असेल, तर आजार बहुधा सावकाश चालतो. लक्षणे नसताना घाईने औषध सुरू करून आयुष्य वाढत नाही, हेही अभ्यासांत दिसले आहे. हिमोग्लोबिन वा प्लेटलेट्स घटू लागल्या, गाठी किंवा प्लीहा वाढली, वजन उतरले, रात्री घामाने कपडे भिजू लागले, की मात्र थांबायचे नसते.

अशा वेळी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी थेट बीसीएल-२च्या खाचेत जाऊन बसते. अडकलेली प्रथिने सुटतात आणि लांबलेला मृत्यू घडतो. ‘डिलीशन १७पी’ असलेल्या रुग्णांवर जुनी केमोथेरपी फारशी चालत नसे. २०१६ मध्ये अमेरिकेत या गोळीला पहिली मान्यता मिळाली ती अशाच रुग्णांसाठी.

पण तिची ताकद हाच तिचा धोका. असंख्य पेशी एकदम फुटल्या, तर रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड वाढून मूत्रपिंड व हृदय संकटात येतात. म्हणून सीएलएलमध्ये सुरुवात २० मिलिग्रॅमने होते आणि ५०, १००, २०० असे आठवड्याआठवड्याने चढत पाचव्या आठवड्यात ४०० मिलिग्रॅम गाठले जातात. “इतक्या छोट्या गोळीने काय होणार?” म्हणून कोणी डोस वाढवू नये आणि रक्ततपासणीची वेळ चुकवू नये. गोळी जेवणासोबत घ्यायची, पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

घरात सर्वांत जास्त चुकते ते दुसऱ्या औषधांबाबत. गजकर्णासाठी सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन घेतल्यास व्हेनेटोक्लॅक्सचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढते. ग्रेपफ्रूट आणि कमरख वर्ज्य आहेत. पपनसही ग्रेपफ्रूटच्याच कुळातले, तेव्हा तेही टाळलेले बरे. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना गोळीचे पाकीट सोबत न्यावे.

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्याच्या आजारात, तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या वृद्धांना ही गोळी अझासिटिडिनच्या इंजेक्शनांसोबत देतात. तिथे डोस काही दिवसांतच चढवतात. २०२०च्या अभ्यासात केवळ इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपलीकडे जगले, गोळी जोडल्यावर हा काळ १४.७ महिने झाला. हे पाच महिने थोडे की पुष्कळ, हे रुग्णालाच विचारायला हवे. आपण बहुधा तेच विसरतो.

काही पेशी याही औषधाला चकवतात. कुणी बीसीएल-२चा आकार बदलते, कुणी त्याच घराण्यातील एमसीएल-१ या दुसऱ्या पहारेकऱ्यावर विसंबते. एमसीएल-१ला रोखणारी औषधे तपासली जात आहेत, पण हृदयाच्या स्नायूलाही ते प्रथिन लागत असल्याने काम जपून चालले आहे. उपचार चालू असताना गाठी पुन्हा वाढल्या, तर ते पथ्यात वा तुमच्या शुश्रूषेत काही उणे राहिले म्हणून नव्हे; पेशींनी वाट बदललेली असते. सीएलएलमध्ये तेव्हा अकालाब्रुटिनिबसारखी, निराळ्या मार्गाने काम करणारी औषधे हाताशी असतात.