भेटीचा हक्क आणि पाहुण्याचा हक्क : सातपुड्यातल्या एका प्रवासाच्या निमित्ताने



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडे गेलं की एक प्रवास बहुतेक ठरलेला असतो. गाडीत तंबू आणि शिधा भरायचा, दिवसा येलोस्टोन, ग्रँड कॅन्यन पाहायचं, रात्री तंबू ठोकायचा, पुन्हा पुढे. तसाच प्रवास लहान प्रमाणावर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तीन-चार दिवसांत करता येतो, आणि अलीकडे तरुण मंडळी तो करूही लागली आहेत. त्या निमित्ताने एक प्रश्न मांडतो. परक्या जागी जाऊन राहण्याचा आपल्याला हक्क कितपत आहे?

आधी वाट सांगतो. नंदुरबारहून निघालं की पहिला थांबा प्रकाशा, तापी-गोमाईचा संगम. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. 1955 साली इथे उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. पुढे शहादा. इथे गाडीची टाकी भरून घ्या. मग घाट चढून तोरणमाळ. यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथांचं मंदिर. पहिला मुक्काम इथे. दुसऱ्या दिवशी खाली उतरून धडगाव, मग मोलगी, अक्कलकुवा आणि तळोदामार्गे परत. धडगावच्या बाजूला अस्तंभ्याचा डोंगर आहे. अश्वत्थामा अजून तिथे भटकतो अशी श्रद्धा आहे. दिवाळीत हजारो आदिवासी भाविक तिथे पायी जातात, रात्र उघड्यावर काढतात. म्हणजे कॅम्पिंग आपल्याकडे नवं नाही, शब्द तेवढा नवा.

आता प्रश्नाकडे येऊ. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1795 साली शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन हक्कांत फरक करतो. एक भेटीचा हक्क. पृथ्वी गोल आहे, माणसं एकमेकांपासून अनंत दूर पांगू शकत नाहीत, म्हणून शांतपणे आलेल्या परक्याला शत्रू मानू नये. दुसरा पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क. हा मात्र आपोआप मिळत नाही, त्याला यजमानाची संमती लागते. आणि कांट एक तक्रारही नोंदवतो. युरोपातले लोक दूरदेशी गेले, तेव्हा तिथल्या रहिवाशांना त्यांनी हिशेबातच धरलं नाही. जमीन जणू कुणाचीच नव्हती!

ही तक्रार येलोस्टोनला लागू पडते, बघा. 1872 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शोशोनी लोकांच्या एका शाखेचा वावर होता. पुढच्या काही वर्षांत त्यांना बाहेर काढलं गेलं. आज आपल्याला जे निर्मनुष्य, अस्पर्श रान दिसतं, ते तसं केलेलं आहे.

आणि आपल्याकडे? अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तर टोकाला नर्मदेचं विस्तीर्ण पाणी दिसतं. फोटो सुंदर येतो. पण ते सरदार सरोवराचं पाणी आहे. या दोन तालुक्यांतल्या 33 गावांना बुडिताची झळ बसली. मणिबेली हे त्यातलं पहिल्या फळीचं गाव. बरीच कुटुंबं खाली शहादा, तळोद्याकडे वसवली गेली, काही डोंगरातच राहिली. हे माहीत नसेल, तर तुम्ही पाणी पाहिलं, जागा पाहिली नाही.

म्हणून कांटचा फरक व्यवहारात कसा आणायचा, ते सांगतो. रस्त्याने जाणं, डोंगर पाहणं हा भेटीचा भाग झाला. तंबू ठोकला की आपण पाहुणे झालो, आणि पाहुण्याने विचारायचं असतं. मोकळं दिसणारं माळरान कुणाचं तरी शेत, कुणाची चराई, कुणाचं देवस्थान असतं. गावात सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. उन्हाळ्यात पाचोळा सुकलेला असतो, चूल पेटवू नका. होळीत काठीला गेलात तर नाचणारे बावा, बुध्या व्रतस्थ आहेत हे लक्षात ठेवा. कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर नेण्याआधी विचारा. आणि कुणी "नाही" म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नका. नकार देता येतो, म्हणूनच होकाराला अर्थ आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.