परक्या यंत्रावर आपली प्रणाली

वसमतच्या एखाद्या खोलीत साध्या संगणकासमोर बसलेला तरुण मुंबईच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर जेव्हा स्वतः निवडलेल्या डिस्क इमेजवरून सुरू करतो, तेव्हा ज्या यंत्रावर त्याचा हुकूम चालत असतो ते त्याने कधी पाहिलेले नसते, आणि त्याला ते वेगळे काढून दाखविताही येण्यासारखे नसते. कारण असा भाड्याचा सर्व्हर, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, हा एका बलाढ्य संगणकाच्या प्रोसेसर, स्मृती आणि साठवण यांतून हायपरवायझर नामक नियामक प्रणालीने तोडून दिलेला हिस्सा होय. एका यंत्राची अनेक यंत्रे करण्याची ही विद्या आयबीएमने १९६०च्या दशकातच सिद्ध केली होती. २००७ साली केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, समाविष्ट झाल्यावर ती सामान्य सर्व्हरवरही अधिक सुलभ झाली.

यंत्र सुरू होताच त्याचे फर्मवेअर प्रथम बूट ऑर्डरचा, म्हणजे कोठून सुरू व्हायचे त्या क्रमाचा, तपशील पाहते, आणि तीत आभासी सीडी ड्राइव्ह अग्रस्थानी असेल, तर तेथे जोडलेली आयएसओ फाइल, म्हणजे निवडलेली डिस्क इमेज, खऱ्या तबकडीप्रमाणे वाचली जाते. १९८८च्या आयएसओ ९६६० प्रमाणानुसार तिची मांडणी सामान्यतः २,०४८ बाइटांच्या सेक्टरांत असते. आणि आयबीएम व फीनिक्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एल टोरिटो संकेतानुसार, शून्यापासून मोजता सतराव्या सेक्टरात बूट कॅटलॉगचा पत्ता नोंदलेला असतो. त्या पत्त्यावरून बूटलोडर स्मृतीत येतो, बूटलोडर कर्नलला आणतो, आणि कर्नल आभासी डिस्क ओळखून तिच्यावर नवी प्रणाली मांडण्यास सिद्ध होतो. सर्व्हरचे नेटवर्क तोवर उभे राहिलेले नसल्यामुळे हा सारा व्यवहार सेवादात्याच्या कन्सोलमधूनच पाहावा लागतो. आणि काम पुरे झाल्यावर आयएसओ काढून डिस्कला अग्रक्रम देणे अगत्याचे असते, नाहीतर रीबूट होताच इन्स्टॉलर पुनश्च पहिल्यापासून सुरू होतो.

ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, तेथील शेतकऱ्याला इमेजचे मर्म निराळे सांगावे लागू नये. हळद बियांपासून नव्हे, गड्ड्यांच्या बेण्यापासून लावतात. म्हणून सेलम जातीच्या बेण्यातून सेलमच उगवते, आणि बेणे रोगट असेल तर तो रोगही वावरात उतरतो. एकाच इमेजवरून उभे केलेले शंभर सर्व्हर तिचे गुण आणि दोष असेच सारखे घेऊन येतात. यास्तव इमेज मूळ प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहून उतरवावी, तिचे एसएचए-२५६ मूल्य काढावे आणि प्रसिद्ध केलेल्या, डिजिटल स्वाक्षरी असलेल्या मूल्याशी त्याची रुजुवात घालूनच पुढे जावे.

सेवादात्याने दिलेले तयार टेम्प्लेट घाईच्या कामाला पुरते. परंतु डिस्कचे विभाजन कसे असावे, ती कूटबद्ध करावी की नाही, कोणते प्रोग्राम मुळीच नसावेत, हे निर्णय त्यात दुसऱ्याने केलेले असतात, आणि स्वतःची इमेज चालविणाराकडे ती मुखत्यारी येते. ही मुखत्यारी संपूर्ण नव्हे, कारण हायपरवायझर ज्याच्या ताब्यात, त्याला चालू यंत्राची स्मृती, आणि तीतील कूटबद्धतेची किल्लीही, सामान्यतः वाचता येते. तथापि प्रणाली बिघडली असता रेस्क्यू इमेजवरून तोच सर्व्हर उठवून आतील दप्तर सोडविणे, किंवा सेवादाता बदलून तीच व्यवस्था अन्यत्र उभी करणे, हे सामर्थ्य थोडे नाही. सातबारापासून हळदीच्या सौद्यांपर्यंतच्या नोंदी संगणकावर आलेल्या या काळात, यंत्र कसे उठते हे जाणणारी माणसे तालुक्याच्या गावीही असली पाहिजेत. आणि लिनक्सच्या इमेज व आभासी यंत्र चालविणारे क्यूईएमयूसारखे मुक्त साधन विनामूल्य मिळत असल्यामुळे, सर्व्हर भाड्याने न घेताही हा सराव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजच सुरू करता येण्यासारखा आहे.