सुतारशाळेतील यंत्रे : लेखांक सहावा – चाकांचा चौथरा

गेल्या लेखांकात रंधायंत्राच्या पात्यांचा विचार झाला. आज ते यंत्र ज्यावर उभे राहावयाचे त्या चौथऱ्याचा विचार कर्तव्य आहे.

ज्या काळी एकाच एंजिनाच्या बळावर छताखालचा लांब लोखंडी दांडा फिरे आणि त्यावरून उतरणारा चामडी पट्टा खालच्या प्रत्येक यंत्रास गती देई, त्या काळी यंत्राने जागा सोडणे म्हणजे गतीसच मुकणे होते. १८७० साली जलंबहून आगगाडीचा फाटा खामगावास आला आणि त्या कापसाच्या पेठेत पुढे जे जिन-प्रेस चालले, त्यांचा कारभार याच दस्तुराचा होता. यंत्रागणिक स्वतंत्र विजेची मोटार आल्यावर हे बंधन सुटले. परंतु आमचे सुतार अद्यापि यंत्र एकदा रोवले की रोवले, अशाच समजुतीत वावरतात, याचे मला नवल वाटते. आठ फुटी फळी रंध्यावरून न्यावयाची तर यंत्राच्या अलीकडे आठ आणि पलीकडे आठ फूट जागा मोकळी हवी. चिखली-मलकापूरच्या बाजारातील दहा-बारा फुटी गाळ्यात ती कोठून मिळावी? तेव्हा दिवसा यंत्र अंगणात आणि रात्री किंवा पावसाची चाहूल लागताच आत, हीच तजवीज शहाणपणाची.

मात्र चाके प्रवासापुरती. काम चालू असता भार पायांवरच हवा. चाकास कितीही अडसर घातला तरी त्याच्या खुंटीत थोडी ढिलाई राहतेच, आणि फळी पुढे रेटताना यंत्र केसभर सरकले तरी कारागिराचा तोल जाऊन हात पात्याकडे जाण्याचा संभव असतो. म्हणून चौथऱ्याच्या एका टोकास दोन पक्की चाके अशी बसवावी की पाय टेकलेले असता ती जमिनीपासून अर्धा सूत अधांतरी राहावी, आणि दुसऱ्या टोकाचे दांडे उचलताच, हातगाडीप्रमाणे, भार त्यांवर यावा. यंत्र नव्वद किलोंचे व चौथरा तीस किलोंचा धरला, तर अडीच फूट लांबीच्या चौथऱ्यास तितक्याच लांबीचे दांडे पुढे काढल्यास उचलणाऱ्याच्या हाती सुमारे तीसच किलो येतात. उरलेले नव्वद दोन चाकांत वाटले जातात. उंबऱ्यावरचा धक्का जमेस धरून प्रत्येक चाक पाऊणशे किलो तरी सोसणारे घ्यावे, आणि दांडे काढते ठेवावे, नाहीतर त्यांना अडखळून पडण्याची निश्चिती समजावी.

लाकडासंबंधी सागाचा मोह नको. बैलगाडीच्या चाकांस जी बाभूळ पुरते ती येथेही पुरते. शिवाय तिचे वजन तळाशी असणे इष्टच, फक्त ती पुरती वाळलेली असावी. पाय खाली बाहेर फाकवून कुसू घालून सांधावे आणि बाजूंना कर्णपट्ट्या द्याव्या; केवळ खिळ्यांवर भिस्त ठेवल्यास मोटारीची थरथर ते महिन्या-दोन महिन्यांत सैल करते. रंध्याचा माथा कारागिराच्या कमरेच्या सुमारास, म्हणजे बत्तीस ते चौतीस इंचांवर यावा. त्यातून यंत्राची उंची वजा जाता राहील ती चौथऱ्याची.

घाटाखालच्या मुलखात आणखी एक उपद्रव संभवतो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली शहाबादी फरशी वर-खाली होते. वैशाखात समतल असलेला चौथरा श्रावणात एका पायावर डुलू लागला तर त्यात सुताराचा दोष नाही. चार पायांच्या वस्तूस विषम जमिनीवर तीनच टेकू मिळतात. यास्तव प्रत्येक पायाच्या तळाशी नटात फिरणारा जाड बोल्ट बसवून, पाणसळ ठेवून, ऋतुमानाप्रमाणे तो कमी-अधिक करावा. पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारणे हा उपाय नव्हे.

यंत्र हलविण्यापूर्वी वायर भिंतीच्या प्लगातून काढून घ्यावी आणि अर्थिंगची तार शाबूत असल्याची खातरजमा प्रत्येक वेळी करावी, कारण फिरत्या यंत्राची वायर स्थिर यंत्राच्या वायरीपेक्षा लवकर झिजते. त्या वायरीची जाडी किती असावी हे मोटारीच्या ताकदीवर अवलंबून असल्याने, तो हिशेब मोटारीबरोबरच पुढील लेखांकी देऊ.