नव्या सुप्राचा वाद: चेहरा कुणाचा, यंत्र कुणाचं

टोयोटाने १४ जानेवारी २०१९ रोजी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात नवी सुप्रा लोकांसमोर आणली आणि जगभरचे गाडीवेडे त्याच दिवशी दोन तटांत विभागले गेले. सतरा वर्षं बंद असलेलं नाव परत आलं, हाच काहींना मोठा आनंद होता. बाकीच्यांना बॉनेटखालचं बीएमडब्ल्यूचं इंजिन दिसलं आणि त्यांचा जीव खट्टू झाला. हा वाद गाडीचं आयुष्य संपत आलं तरी मिटलेला नाही.

या वादात दोन प्रश्नांची गल्लत होते. गाडी कशी दिसते हा एक, आणि ती कुणी बनवली हा दुसरा. ते सुटे केले की माझं मत स्पष्ट आहे: यंत्रावरचा राग बराचसा अनाठायी आहे, रूपावरचा राग बऱ्याच अंशी रास्त आहे.

जुन्या गाडीचा दरारा

सुप्रा हे नाव १९७८ साली सेलिकाच्या लांबट, सहा सिलिंडरच्या आवृत्तीला मिळालं. १९८६ मध्ये ती सेलिकापासून वेगळी झाली. पण आज 'सुप्रा' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती १९९३ची चौथी पिढी, म्हणजे ए८०. गोलसर अंग, गोल दिव्यांचा मागचा भाग आणि मागे कमानीसारखा उंच पंख.

तिच्या कीर्तीचं मूळ २जेझेड-जीटीई या इंजिनात आहे. ३ लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो. इंजिन सावकाश फिरत असताना एकच टर्बो काम करतो, वेग वाढला की दुसरा त्याच्या जोडीला येतो. जपानी कंपन्यांनी त्या काळी आपसांत २८० पीएसची मर्यादा पाळली होती, म्हणून देशातल्या गाडीवर तेवढाच आकडा लिहिला जायचा. अमेरिकेत गेलेल्या गाडीला ३२० अश्वशक्ती होती. पण ओतीव लोखंडाचा तो ब्लॉक इतका दणकट निघाला की ट्यूनर मंडळी त्याच ब्लॉकमधून दुप्पट-तिप्पट ताकद काढू लागली. २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस'मध्ये नारिंगी सुप्रा झळकली आणि ज्यांनी ती रस्त्यावर कधी पाहिली नव्हती, त्यांच्याही भिंतीवर तिचं पोस्टर लागलं. भारतातल्या आमच्या पिढीची ओळख अशीच, पडद्यावरची आणि व्हिडिओ गेममधली.

२००२ मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी निसान स्कायलाइन जीटी-आर आणि माझदा आरएक्स-७ याही थांबल्या.

टोयोटा म्युनिकला का गेली

२००९ साली अकिओ टोयोडा कंपनीचे अध्यक्ष झाले. ते स्वतः गाडी चालवणारे. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर हिरोमु नारुसे या आपल्या गुरूच्या हाताखाली त्यांनी जुन्या सुप्रात धडे गिरवले होते. बाकीच्या कंपन्यांच्या येऊ घातलेल्या गाड्या शेजारून निघून जायच्या आणि आपण बंद झालेल्या मॉडेलमध्ये बसलेलो असायचो, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

इच्छा होती, इंजिन नव्हतं. सुप्राला एका ओळीतले सहा सिलिंडर हवेतच, ही परंपरा पहिल्या पिढीपासूनची. या रचनेत पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात आणि त्यांचे झटके एकमेकांना छेद देतात. त्यामुळे वेगळा संतुलन-दांडा न बसवताही इंजिन रेशमासारखं फिरतं. अडचण लांबीची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीत ते मावत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या व्ही६कडे वळल्या आणि टोयोटानेही आपली ही इंजिनं बंद केली. म्युनिकची बीएमडब्ल्यू मात्र १९३३च्या ३०३ या गाडीपासून सहा सिलिंडरची ही ओळ धरून राहिली होती.

दोन्ही कंपन्यांची बोलणी २०११च्या डिसेंबरात डिझेल इंजिनं आणि बॅटरी-संशोधनावरून सुरू झाली. जानेवारी २०१३ मध्ये स्पोर्ट्स कारचा करार झाला. टोयोटाकडून धुरा तेत्सुया तादा यांच्याकडे आली. सुबारूबरोबरची '८६' त्यांनीच उभी केली होती, तेव्हा भागीदारीतली गाडी त्यांना नवी नव्हती.

नेमकं सामाईक काय

इथे फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

इंजिन बीएमडब्ल्यूचं: बी५८, ३ लिटर, एक टर्बो. काही देशांत २ लिटर, चार सिलिंडरचं इंजिनही मिळालं. आठ गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफचा. गाडीचा पाया, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स बीएमडब्ल्यू झेड४बरोबरचं. दोन्ही गाड्या ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात माग्ना स्टायरच्या एकाच कारखान्यात तयार झाल्या. झेड४ला कापडी छत, ती उघडी गाडी. सुप्रा बंद कूपे. बाहेरचा एकही पत्रा दोघींत सारखा नाही.

तादा यांनी सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी दोन्ही संघांनी मिळून मूळ मापं ठरवली: चाकांमधलं अंतर, गाडीची रुंदी, बसण्याची जागा. त्यानंतर प्रत्येकाने आपापली गाडी वेगळी घडवली. स्प्रिंग, डॅम्पर, स्टिअरिंग, मागच्या डिफरन्शियलचं वागणं यांची जुळणी टोयोटाच्या चालकांनी टोयोटाच्या पद्धतीने केली.

आणि ती मापं पाहा. सुप्राच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फक्त २४७० मिलिमीटर अंतर आहे. जुन्या ए८०पेक्षा ८० मिलिमीटर कमी, धाकट्या '८६'पेक्षाही १०० मिलिमीटर कमी. या अंतराचं डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराशी गुणोत्तर १.५५च्या आसपास. तादा त्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणत. वजन पुढे-मागे निम्मंनिम्मं, गुरुत्वमध्य '८६'पेक्षाही खाली आणि सांगाड्याचा ताठपणा लेक्सस एलएफएपेक्षा जास्त, असा टोयोटाचा दावा आहे. वळणावर झटकन नाक वळवणारी गाडी हवी होती. ती तशी झाली. बीएमडब्ल्यूचा पाया उचलून त्यावर टोयोटाचा बिल्ला डकवला, हे म्हणणं या मापांपुढे टिकत नाही. तो पाया दोघांनी मिळून स्पोर्ट्स कारसाठी आखला होता.

शुद्ध रक्ताचा आग्रह

'खरी सुप्रा पूर्ण टोयोटाचीच हवी' असं म्हणणाऱ्यांनी जुन्या सुप्राच्या पोटात डोकावून पाहावं. ज्या २जेझेड-जीटीईची पूजा होते, ते सुप्रात येण्याआधी १९९१ मध्ये अरिस्टो या चार दारांच्या सेडानमध्ये बसलं होतं. ए८०चा पाया सोआररकडून आला, म्हणजे लेक्सस एससीच्या जपानी रूपाकडून. तिचा नावाजलेला सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स गेट्राग या जर्मन कंपनीचा. आणखी मागे गेलं तर १९६७ची टोयोटा २०००जीटी, या घराण्याची आद्य गाडी, यामाहाच्या मदतीने घडली होती. म्हणजे वाटून घेणं हा या घराण्यात बाहेरून आलेला दोष नाही. ती तिथली जुनी रीत आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. २०२० मध्ये टोयोटाने जीआर यारिससाठी १.६ लिटर, तीन सिलिंडरचं भन्नाट इंजिन स्वतः बनवलं. मग सुप्रासाठी का नाही? उत्तर हिशेबात आहे. यारिसचं आखूड, आडवं इंजिन पुढे जीआर कोरोलातही गेलं. ओळीतल्या सहा सिलिंडरला टोयोटाच्या ताफ्यात असं दुसरं घर नव्हतं. दोन आसनांची गाडी थोड्याच संख्येने खपते. तेवढ्यासाठी अख्खं नवं इंजिन उभारायचं म्हटलं असतं तर सुप्रा कागदावरच राहिली असती. मला कागदावरच्या शुद्ध सुप्रापेक्षा रस्त्यावरची सामाईक सुप्रा हवी.

शिवाय बी५८ हे कमअस्सल इंजिन नाही. बंद डेकचा अॅल्युमिनियम ब्लॉक, फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट. ट्यूनरांनी त्यातूनही हजार अश्वशक्तीच्या पुढची ताकद काढून दाखवली आहे. जुन्या इंजिनाचा वारसा म्हणजे हीच ताकद पेलण्याची क्षमता, आणि ती इथे आहे.

रूप: सुरेख छत, खोटे झरोके

आता त्या प्रश्नाकडे, जिथे टीकाकारांचं बरंच खरं आहे.

जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉइटलाच टोयोटाने एफटी-१ नावाची संकल्पना-गाडी दाखवली होती. ती कॅलिफोर्नियातल्या टोयोटाच्या कॅल्टी स्टुडिओची निर्मिती. फॉर्म्युला वनच्या चोचीसारखं नाक, लांबलचक बॉनेट, मागे फुगलेली मांसल कूस. लोक तिच्या प्रेमात पडले. नोबुओ नाकामुरा यांच्या संघाला पुढे हेच रूप २४७० मिलिमीटरच्या पायावर बसवायचं होतं, आणि घोटाळा इथेच झाला. मोठ्या अंगासाठी आखलेल्या रेषा छोट्या अंगावर आल्या. एफटी-१वर ज्या वळणांना श्वास घ्यायला जागा होती, ती इथे एकमेकांना चिकटली. बाजूने पाहिलं तर दाराच्या मागे तीन-चार रेषा एकाच ठिकाणी गर्दी करतात. दिव्यांजवळचा काळा भाग डोळ्यांखालच्या वर्तुळासारखा दिसतो, हा आक्षेप मला पटतो.

त्याहून मोठा दोष खोट्या झरोक्यांचा. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, दारांवर, मागच्या दिव्यांजवळ हवा आत-बाहेर जाण्यासाठी असावेत असे काळे झरोके आहेत आणि त्यांतले बरेचसे बंद आहेत. तादा यांचं स्पष्टीकरण असं की शर्यतीसाठी गाडी बदलताना ते उघडता येतील. हे मानलं तरी शर्यतीत उतरवणारे मालक थोडे आणि रोज वापरणारे फार. स्पोर्ट्स कारमध्ये प्रत्येक छिद्राला काम असावं ही माझी साधी अपेक्षा आहे. बंद झरोका म्हणजे भिंतीवर रंगवलेली खिडकी.

तरीही हे रूप टाकाऊ नाही. छताकडे पाहा: चालक आणि शेजारी यांच्या डोक्यांवर दोन उंचवटे आणि मधे पन्हळ. हेल्मेटला जागा राहते, गाडी ठेंगणी राहते, आणि हे २०००जीटीच्या छताशी थेट नातं सांगतं. मागची रुंद मांडी आणि वर उचललेली शेपटी तिरकस उन्हात पाहिली की ही गाडी फोटोंत का फसते ते कळतं. फोटोत रेषा मोजल्या जातात, प्रत्यक्षात घाट दिसतो. एक त्रास मात्र घाटामुळेच आला: वेगात खिडक्या खाली केल्या की वाऱ्याचे ठोके कानांवर आदळतात, इतके की अनेक मालकांनी बाहेरून पट्ट्या घेऊन बसवल्या.

आत बसल्यावर

यंत्र वाटून घेतल्याचा सल मला फक्त एका ठिकाणी जाणवतो, आणि ते ठिकाण केबिन. पडद्याची रचना, तो फिरवायची गोल कळ, एसीची बटणं, गिअरचा दांडा, सगळं ओळखीचं बीएमडब्ल्यू. मीटर टोयोटाने स्वतंत्र बनवला, तेवढाच दिलासा. इंजिनाचा ब्लॉक मालक वर्षानुवर्षं पाहत नाही. बटणाला तो रोज हात लावतो. वाटून घ्यायचं तर जे दिसत नाही ते वाटावं, जे हाताला लागतं ते आपलं ठेवावं.

आपल्याकडच्या वाचकाला हा फरक लगेच उमजेल. ग्लान्झा आणि बलेनो आपण रोज शेजारी-शेजारी पाहतो. तिथे मुख्यतः नाक आणि बिल्ला बदलतो. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांचा पाया एक आहे, पण चेहरे आणि डॅशबोर्ड बऱ्यापैकी वेगळे. सुप्रा बाहेरून या दुसऱ्या प्रकाराच्याही पुढे गेली आणि आतून मागे राहिली. भारतात झेड४ अधिकृतपणे विकली गेली, सुप्रा नाही. त्यामुळे दोघी शेजारी उभ्या करून पाहण्याची संधी इथे क्वचितच मिळते.

टीकेचा उपयोग झाला

टोयोटाने ऐकलं, हे सांगायलाच हवं. अमेरिकेत सुरुवातीला ३३५ अश्वशक्ती होती. २०२१च्या मॉडेलला ती ३८२ झाली आणि पुढच्या भागात ताठपणासाठी आडव्या दांड्या आल्या. सर्वांत मोठी मागणी मॅन्युअल गिअरची होती. एप्रिल २०२२ मध्ये टोयोटाने सहा गतींचा मॅन्युअल जाहीर केला. सहा सिलिंडरच्या झेड४ला मॅन्युअल मिळाला तो त्यानंतर. भागीदारीत शिकवण फक्त म्युनिककडून आली नाही, याचा हा पुरावा.

२०२४च्या अखेरीस 'ए९० फायनल एडिशन' जाहीर झाली, फक्त ३०० गाड्यांची. ग्राझमधलं उत्पादन २०२६ मध्ये संपवायचं ठरलं. नाव पुन्हा कधी ना कधी परत येईलच, आणि त्या वेळी टोयोटाने खुशाल पुन्हा भागीदार शोधावा. फक्त पायाची मापं ठरवायच्या बैठकीत अभियंत्यांच्या शेजारी रेखाटन करणाऱ्यालाही बसवावं, डॅशबोर्ड स्वतः घडवावा आणि पत्र्यावर जो झरोका दिसेल त्यातून हवा जाऊ द्यावी.