टिपरीतून तोच ऊस, तुऱ्यातून नवा



"वाण आता उतरला, पहिल्यासारखा राहिला नाही," असे आपण बांधावर नेहमी बोलतो. वाण खरोखर बदलतो का? त्यासाठी उसाच्या पेशीत डोकावून पाहू.

वाणाचे गुण पेशीतील गुणसूत्रांत साठवलेले असतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. जाड, रसाळ उसाच्या मूळ जातीत ८०, तर आजच्या संकरित वाणांत शंभराच्या वर.

टिपरीचा डोळा फुटून कोंब वाढतो तो पेशी दुभंगत जातात म्हणून. दुभंगण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते आणि ती अस्सलाला चिकटून राहते. मग सारी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेने येतात. दोन्ही टोकांकडील बारीक तंतू त्यांना धरतात व ओढतात. एक प्रत इकडे, दुसरी तिकडे. दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. यास सूत्री विभाजन म्हणतात.

तुऱ्यात मात्र वेगळे घडते. पराग व बीजांडासाठी नक्कल एकदाच होते, पण पेशी दोनदा दुभंगते. पहिल्या खेपेस आईकडील व बापाकडील गुणसूत्रे जोडीने येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि वेगळी होतात. दुसऱ्या खेपेस चिकटलेल्या प्रती सुटतात. संच निम्मा उरतो. हे अर्धगुणसूत्री विभाजन. वाटणी दर वेळी निराळी, म्हणून एका घरची भावंडे जशी वेगवेगळी, तशी तुऱ्याच्या बियांची रोपे वेगवेगळी. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत (स्थापना १९१२) अशाच रोपांतून निवड करून नवे वाण काढतात. आपला को ८६०३२ हा को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरातला. निवडलेले रोप पुढे टिपरीनेच वाढवतात, म्हणून त्याचे गुण टिकतात.

तेव्हा टिपरीने लावलेला वाण सहसा बदलत नाही. उतारा घटतो तो पुष्कळदा बेण्यातील रोगामुळे. गुणसूत्रांची वाटणी चोख झाली, तरी काणी आणि गवताळ वाढ हे रोगही त्याच टिपरीतून पुढच्या पिकात येतात. म्हणून खोडव्याचे बेणे वापरू नका. खास बेणे मळ्यातील, उष्ण प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढवलेले निरोगी बेणे घ्या आणि दर तीन-चार वर्षांनी ते बदला. वाणाला दोष देण्याआधी बेणे तपासा.