मिरचीचं रोप शेतात गेल्यावर

गादीवाफ्यावर चाळीसेक दिवस वाढलेलं मिरचीचं रोप शेतात लावलं, की दुसऱ्याच दुपारी ते मान टाकतं. घाबरू नये. उपटताना पाणी शोषणारी बारीक केसमुळं तुटतात; पानांतून बाष्प मात्र उडतच राहतं. संध्याकाळी रोप पुन्हा सावरलं तर ते जगणार. सकाळीही सुकलेलंच असेल तर मुळाशी काहीतरी बिघडलंय.

लागवड शक्यतो ऊन कलल्यावर करावी आणि लगेच पाणी द्यावं. तीन-चार दिवसांनी हलकी आंबवणी. त्यापुढे जमिनीत वाफसा पाहूनच पाणी. रोज पाणी तुंबवलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. माझ्या मते तहानेपेक्षा या लाडानंच जास्त रोपं मरतात. युरियाचीही घाई नको. आधी मुळं धरू द्यावीत, नवी पालवी दिसली की खत.

मेलेल्या रोपांच्या जागी आठ-दहा दिवसांत नांग्या भराव्यात, नाहीतर पीक मागं-पुढं होतं. कोवळी पानं वरच्या बाजूला वळू लागली, तर ती उलटून फुलकिडे शोधा. चुरडा-मुरड्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.